सहीला नकार

सुरत जिल्ह्याला नकाराचे सामर्थ्य नव्याने सांगावे लागत नाही. १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी २२ टक्क्यांनी वाढविलेला शेतसारा भरण्याचे नाकारले. जमिनी जप्त झाल्या, गुरे नेली गेली. पण शेतकरी वाकला नाही. अखेर सरकारला चौकशी नेमावी लागली आणि ती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली.

या भूमीतील वाचकास अमीर हास्केल यांचे वर्तन म्हणूनच अपरिचित वाटू नये. इस्रायलच्या हवाई दलातील हे निवृत्त ब्रिगेडियर जनरल मूळचे वैमानिक. गणवेश उतरविल्यावर त्यांनी हिटलरशाहीने केलेल्या साठ लाख ज्यूंच्या संहाराचा अभ्यास आणि अध्यापन आरंभिले. पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये लाचखोरी व विश्वासघाताचे आरोप ठेवण्यात आले. आरोपी मनुष्याने त्या पदावर राहू नये, अशी मागणी करीत हास्केल त्यांच्या निवासस्थानासमोर उभे राहिले. जून २०२० मध्ये पोलिसांनी त्यांना पकडले. जेरुसलेमपासून दूर राहण्याच्या अटीवर सही केली असती, तर ते तत्काळ सुटले असते. त्यांनी सही केली नाही. दोन दिवसांनी न्यायालयाने त्यांना मुक्त केले. पुढे त्याच रस्त्यावर हजारो नागरिक जमू लागले.

लोकनियुक्त पंतप्रधानाच्या विरोधासाठी त्या महासंहाराची आठवण काढणे अतिरेकाचे नव्हे काय, असा आक्षेप येईल. कोणत्याही सरकारला सरसकट हिटलरच्या पंक्तीस बसविणे हा मृतांचा अपमानच होय. परंतु इतिहासाचा धडा केवळ शेवटच्या प्रकरणात नसतो. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर कायदेशीर मार्गानेच सत्तेवर आला. ऑगस्ट १९३४ मध्ये जर्मन सैनिकांची शपथ बदलण्यात आली. निष्ठा राज्यघटनेशी नव्हे, तर एका व्यक्तीशी जोडली गेली. मृत्युछावण्या त्यानंतरच्या.

सेवेतील सैनिकाने राजकारणापासून दूर राहावे, हे निर्विवाद. पण निवृत्तीनंतर तो नागरिक असतो, आणि नागरिकाला मौनाची शपथ नसते. आपल्याकडे १९९० ते १९९३ या काळात नौदलप्रमुख असलेले ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिले आणि भारत-पाकिस्तान शांततेसाठी झटले. युद्ध पाहिलेल्या या माणसाला त्या कार्यासाठी २००४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी देशभक्तीविषयीची शंका त्याच्याही वाट्याला आली.

अशा माणसांशी सहमत होण्याचे बंधन कोणावरही नाही. मतभेद अवश्य व्हावा. मात्र तो त्यांच्या युक्तिवादाशी व्हावा, निष्ठेशी नव्हे. गणवेशातील निवृत्त मनुष्य आपल्या बाजूने बोलला की वीर आणि विरुद्ध बोलला की द्रोही, हा न्याय लोकशाहीस शोभणारा नाही. बारडोलीच्या शेतकऱ्यालाही त्या काळचे सत्ताधीश बंडखोरच म्हणत होते.