घरातला पडदा आणि आपले मत



चित्रपट ही आता केवळ तिकीट काढून थिएटरात पाहण्याची वस्तू राहिलेली नाही. तो तुमच्या घरात येऊन बसला आहे. दिवसभराची कामे आटोपल्यावर, जेवणखाण झाल्यावर, आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब पडद्यासमोर बसते, दोन-अडीच तास पाहते आणि झोपी जाते. कोणी म्हणतो, ‘छान होता’. कोणी म्हणतो, ‘फार रडवले’. बहुतेक घरांत चर्चा येथेच संपते. ती येथे संपू नये, म्हणून आज या विषयावर लिहीत आहोत.

थिएटरात कोणी बोलू लागला तर शेजारी त्याला गप्प करतो. घरात तुम्हांला कोण अडवितो? वाटेल तेथे चित्रपट थांबवावा, मुलाला विचारावे, सुनेचे ऐकावे, पुन्हा सुरू करावा. तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काहीही मानू नका. ज्या समाजाने धर्मग्रंथांना हा नियम लावला, त्याने पडद्याला तो लावू नये काय?

एक जुनाच चित्रपट घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतर तिसऱ्या वर्षी, १९५९ साली, बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनचा तो शांत, सोशिक अभिनय आणि टेलिफोनवरून गायिलेले तलत महमूद यांचे गाणे ज्यांच्या मनातून गेलेले नाही अशी वडीलधारी माणसे अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांनी आग्रह धरला की चित्रपट लागतो. खुशाल लावावा. बिमल रॉय यांच्या हेतूबद्दल आम्हांला शंका नाही आणि त्या काळी हा विषय पडद्यावर आणणे सोपे नव्हते, हेही खरे.

परंतु कथा काय आहे? पटकीच्या साथीत आईबाप गेलेली अस्पृश्याची पोर एका इंजिनिअरच्या घरी वाढते. घरातील बाई तिची ओळख करून देताना ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. त्या ‘सारखी’ या एका शब्दात सारी वर्णव्यवस्था बसलेली आहे आणि तो शब्द दिग्दर्शकाने अचूक पकडला आहे, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण हा शब्द पुसला कसा जातो? बाई जिन्यावरून पडते, तिला रक्त हवे असते आणि नेमके सुजाताचेच रक्त जुळते. रक्त दिल्यावर मुलगी ‘मुलगी’ होते. तुमच्या घरात वयात आलेली लेक असेल तर तिने याविषयी काय म्हणावे, असे तुम्हांला वाटते? रक्त जुळले नसते तर? सुजाताचे मनुष्यत्व त्या बाटलीतल्या रक्तावर अवलंबून होते काय?

आणखी एक गोष्ट बौद्ध घरातून सुटू नये. सुजाता हे नाव कोणाचे, हे तुमच्या मुलांना सांगावे लागणार नाही. बोधीपूर्वी सिद्धार्थाला अन्न देणारी ती स्त्री. याच चित्रपटात रवींद्रनाथ टागोरांच्या ‘चंडालिके’चा प्रवेशही येतो आणि ती चंडालिका म्हणजे आपली प्रकृती. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिची कथा आहे. आनंद तिच्याजवळ पाणी मागतो. ती आपली जात सांगते. तो म्हणतो, मला पाण्याशी प्रयोजन आहे, जातीशी नाही. पुढे तिची आई मंत्रतंत्राने आनंदाला वश करू पाहते, तो प्रयत्न फसतो आणि अखेर प्रकृती संघात प्रवेश करते. तिच्याकडून कोणी रक्त मागितले नाही. चित्रपटाने आपल्याकडून दोन नावे घेतली, पण त्या नावांमागचा विचार वाटेतच सांडला. हे मत ‘सुजाता’ पाहून झाल्यावर घरात कोणीतरी मोठ्याने बोलून दाखविले पाहिजे. नाही तर आपल्या मुली नकळत हेच शिकतील की आपण कोणाच्या उपयोगी पडेपर्यंत दाराशी वाट पाहावी.

आता दुसऱ्या टोकाचा चित्रपट पाहू. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ सालचा. कैकाडी भाषेत या शब्दाचा अर्थ डुक्कर. यात जब्याला कोणी स्वीकारीत नाही आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. जब्याही काळ्या चिमणीची राख शोधत हिंडतो. ती टाकली की आवडती मुलगी वश होईल, अशी त्याची आशा. प्रकृतीच्या आईचा मंत्र आणि जब्याची राख यांत अंतर थोडे. मुलांना विचारा, जब्याला राखेची गरज का पडली? तोंडाला पावडर का लावावीशी वाटली? दहा-बारा वर्षांची मुले यावर जे बोलतील ते आमच्या अग्रलेखापेक्षा निश्चित सरस असेल.

पण खरी कसोटी डुकरे पकडण्याच्या प्रसंगाची आहे. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते, गावकरी भोवती जमून हसतात, शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच धावणारे जागच्या जागी थिजून उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पकडलेले डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले आणि आंबेडकर यांची चित्रे दिसतात. या प्रसंगी तुमच्या घरात हशा पिकला, तर चित्रपट तत्काळ थांबवा. पडद्यावरचे गावकरी जेथे उभे आहेत, तेथेच तुमचे घर जाऊन उभे राहिले आहे.

हे कटू वाटेल. पण लिहिणे भाग आहे. धम्मदीक्षेनंतर पुष्कळ घरांत स्वच्छ राहणी आली, शिक्षण आले, आणि त्याबरोबर क्वचित एक घमेंडही आली: ‘डुकरे पकडणारे ते निराळे, आपण ती कामे केव्हाच सोडली.’ जब्या कैकाडी आहे, तो आपल्यापैकी नव्हे, असे वाक्य बुद्धमूर्तीसमोर बसून कोणी उच्चारीत असेल तर त्याने जुने घर सोडले, पण जिन्याची पायरी तेवढी बरोबर आणली, असेच म्हणावे लागेल.

‘आमच्या मताला विचारतो कोण?’ असे कोणी म्हणेल. २०२५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंवरील ‘फुले’ चित्रपटाची केवळ झलक पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. परीक्षण मंडळाने जातिवाचक शब्दांसह काही बदल सुचविले आणि ११ एप्रिलला येणारा चित्रपट २५ एप्रिलला आला. ज्यांनी चित्रपट पाहिलाही नव्हता, त्यांची मते एवढी वजनदार ठरली! तुम्ही तर पाहून बोलणार आहात.

येत्या रविवारी ‘सुजाता’ लावा. आधी प्रकृतीची कथा मुलांपैकी एकाने वाचून दाखवावी; ती दोन-तीन पानांची आहे. चित्रपट संपल्यावर दिवा लावा आणि घरातील कर्त्या पुरुषाने थोडा वेळ गप्प बसावे. पहिल्यांदा आजीला बोलू द्या. परक्याच्या घरी ‘मुलीसारखी’ म्हणून राबण्याचा अनुभव तिच्यापाशी असण्याचा संभव आहे आणि तो तिला आजवर कोणी विचारला नसेल.