सरन्यायाधीशांना राष्ट्रपती भवनात कशाला?

आम्हा नागपूरच्या वकिलांना न्यायमूर्ती हिदायतुल्ला घरचेच वाटतात. मॉरिस कॉलेजात शिकले, वकिली इथेच केली, इथल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. आपला माणूस 1969 मध्ये 35 दिवस हंगामी राष्ट्रपती होता, हे बार रूममधल्या प्रत्येक नवख्याला ऐकावेच लागते. तरी माझे मत असे की ती वेळ त्यांच्यावर यायलाच नको होती.

त्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले आणि उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. तेही नसले तर? संसदेने तेव्हा कायदा करून सरन्यायाधीशांना पुढच्या नंबरावर बसवले. 19 जुलैला गिरींनी 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा दिला. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले तेव्हा यजमान हिदायतुल्ला. तो झाला सोहळा. पण 9 ऑगस्टला बँकांच्या विधेयकावर संमतीची सही त्यांचीच पडली. पुढे त्या कायद्याची तपासणी करायला 11 न्यायमूर्ती बसले, त्यांत सरन्यायाधीश नव्हते. स्वतःच्या सहीचा निवाडा कसा करणार? फेब्रुवारी 1970 मध्ये कायदा रद्द झाला.

हंगामी म्हणून सहीचे वजन कमी होत नाही. 1977 मध्ये हंगामी राष्ट्रपती जत्तींनी 9 विधानसभांच्या बरखास्तीवर सही करायला थोडा वेळ घेतला, तर केवढा गहजब झाला! शेवटी केली म्हणा.

2025 मध्ये 21 जुलैला उपराष्ट्रपती धनखडांनी राजीनामा दिला आणि नवे उपराष्ट्रपती 12 सप्टेंबरला आले. मधल्या काळात राष्ट्रपतिपद रिकामे झाले असते, तर तिथे आमचे अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई गेले असते. विदर्भाला पुन्हा मान! नको तो मान. विधेयकांवरील संमतीला मुदत घालता येते का, हा राष्ट्रपतींनीच विचारलेला प्रश्न त्याच दिवसांत गवईंच्या पीठापुढे चालू होता. विचारणारे आणि उत्तर देणारे आसन एकाच माणसाकडे आले असते.

राष्ट्रपतींची रिकामी जागा 6 महिन्यांत भरायचे बंधन राज्यघटनेत आहे. उपराष्ट्रपतींसाठी नुसते ‘शक्य तितक्या लवकर’. तिथे 60 दिवसांची मुदत घाला आणि 1969 च्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी लोकसभेच्या अध्यक्षांचे नाव लिहा. ते पक्षाचे असतात, मान्य. पण उद्या त्यांना कोर्टात निकाल तरी द्यायचा नसतो.