बँजो कुणाचा, टाळ्या कुणाला?

अमेरिकेतलं कंट्री म्युझिक म्हटलं की डोळ्यांसमोर काऊबॉय हॅट घातलेला गोरा गायक येतो. हातात गिटार, सोबत बँजो आणि गाण्यात गाव, गाडी, दारू, प्रेयसी. हलकंफुलकं, पाय थिरकायला लावणारं संगीत. ते जरूर ऐकावं, त्यावर नाचावं. पण कुणी म्हणालं की "गाण्यात राजकारण आणू नका", तर विचारावं लागतं, ते आणलं कुणी?

बँजोपासूनच सुरुवात करू. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी, भोपळ्यावर कातडं ताणून, आपल्या मुलखातल्या वाद्यांच्या आठवणीतून हे वाद्य घडवलं. एकोणिसाव्या शतकात गोरे कलाकार तोंडाला काळं फासून तेच वाद्य रंगमंचावर वाजवू लागले आणि काळ्या माणसाची टिंगल करून पैसे कमावू लागले. वाद्य घेतलं, वाजवणाऱ्याला विदूषक केलं.

पुढे 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वेगळ्या याद्या केल्या. दक्षिणेतल्या गोऱ्यांची गाणी 'हिलबिली' म्हणून विकायची, काळ्यांची 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून. या 'हिलबिली'चंच पुढे 'कंट्री' झालं. प्रत्यक्षात गावागावांत दोघे एकमेकांचं ऐकत होते, एकमेकांकडून शिकत होते. हँक विल्यम्सला लहानपणी गिटार शिकवली ती रूफस पेन या काळ्या वादकाने. शिष्याचं नाव जगाला पाठ आहे, गुरूचं किती जणांना माहीत आहे? माणसांची विभागणी करायची आणि मग ती निसर्गानेच केली असं सांगायचं, ही चलाखी जातिव्यवस्थेच्या देशात राहणाऱ्यांना नव्याने समजावून सांगायला नको.

नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या सर्वांत लोकप्रिय कलाकारांपैकी एक होते डीफोर्ड बेली. माउथ ऑर्गनवर ते धावत्या आगगाडीचा हुबेहूब आवाज काढायचे आणि श्रोते खूश व्हायचे. मात्र दौऱ्यावर गेले की ज्या हॉटेलात गोरे सहकारी उतरत, तिथे त्यांना खोली मिळत नसे. 1941 मध्ये त्यांना कार्यक्रमातून काढलं गेलं. पुढची अनेक वर्षं त्यांनी बूटपॉलिशच्या दुकानावर काढली. 1982 मध्ये ते वारले. कंट्री म्युझिकच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांना जागा मिळाली ती 2005 मध्ये!

चार्ली प्राइड मिसिसिपीतल्या कापूस वेचणाऱ्या कुटुंबातले. 1966 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा रेडिओ केंद्रांना ती फोटोशिवाय पाठवली गेली. आवाज चालेल, चेहरा नको! तरीही 1971 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलाकाराचा पुरस्कार त्यांनीच पटकावला. आणि त्यांनी गायलं काय? बहुतेक साधी, हसरी प्रेमगीतं.

मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. शोषितांनी फक्त वेदना गावी, अशी अपेक्षा शोषकांची असते आणि कधी कधी आपल्या हितचिंतकांचीही. रडलो तर टाळ्या, हसलो तर संशय. 2019 मध्ये लिल नास एक्सचं 'ओल्ड टाऊन रोड' हे घोड्यावरून मिरवणारं मजेदार गाणं बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलं. कारण काय, तर त्यात कंट्रीपण पुरेसं नाही. लोकांनी तेच गाणं मुख्य यादीत सलग 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवलं. 2024 मध्ये बियॉन्सेचं 'टेक्सास होल्ड एम' हे नाचाचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. हा मान मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. त्यात बँजो वाजवला आहे रियानन गिडन्स यांनी, ज्या वर्षानुवर्षं या वाद्याचा काळा इतिहास सांगत आल्या आहेत. म्हणजे नाच आणि इतिहास एकाच गाण्यात मावतात.

आपल्याकडेही 14 एप्रिल आला की "जयंती नाचून नव्हे, वाचून साजरी करा" असे संदेश फिरतात. वाचलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण मिरवणुकीत बेन्जो वाजवणाऱ्या, हलगी कडाडवणाऱ्या वस्तीतल्या पोरांना कमी लेखू नका. (आपला बेन्जो कळा दाबून वाजवायचा, वेगळा, नाव तेवढं सारखं.) ज्यांच्या पूर्वजांना सार्वजनिक रस्त्यावरून चालायचीही बंदी होती, त्यांनी भर रस्त्यात नाचणं हा नुसता धांगडधिंगा नाही. बंदी घालणाऱ्यांना ते अजून खुपतं, यातच सगळं आलं.

"संगीताला जात नसते" हे वाक्य मला मान्य आहे. फक्त ते आधी त्यांनी पाळावं, ज्यांनी यादी वेगळी केली, फोटो लपवला आणि ढोलकी-हलगी वाजवणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवलं. गाणं सगळ्यांचं असेल, तर श्रेय आणि मानधनही सगळ्यांचं असलं पाहिजे. तोवर आपण वाचूही आणि नाचूही. आनंद ही कुणी दिलेली भीक नाही, तो आपला हक्क आहे.

जय भीम!