मधली फाडलेली जागा



गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाने मुलींसाठी चित्रस्पर्धा ठेवली होती. विषय होता उत्तम आकिंचन्य. परीक्षक तिघी, त्यांतली एक मी. चित्रं छान आली. राजवाडा सोडून निघालेला राजा, अंगावर वेली चढलेले बाहुबली, पिंछी-कमंडलू. एकच चित्र वेगळं होतं, दहावीतल्या एका मुलीचं. काळ्या शाईचे फिकट होत गेलेले थर, त्यावर जुन्या वहीचे आणि पंचांगाचे फाडलेले तुकडे चिकटवलेले, आणि मधोमध कागदच नाही. तेवढी जागा फाडून काढलेली.

आम्ही ते उलटंसुलटं करून पाहिलं. नियमात लिहिलं होतं की विषय चित्रातून स्पष्ट ओळखू यावा. मीच ते बाजूला ठेवलं. मुलगी काही बोलली नाही. तिची आई म्हणाली, "मी सांगितलंच होतं ताई तिला, काहीतरी नीट काढ म्हणून."

दुसऱ्या दिवशी मंदिरात सिद्ध भगवंतांसमोर उभी राहिले आणि मनात चर्र झालं. तुम्हीही ती प्रतिमा पाहिली असेल. पितळेच्या पत्र्यातून उभी आकृती कापून काढलेली असते. नाक-डोळे नाहीत, शरीर नाही. जी रिकामी जागा उरते, तीच प्रतिमा. त्यातून मागची भिंत दिसते. लहानपणापासून मी तिथे हात जोडत आले, "हे काय आहे?" असं कधी विचारलं नाही. आणि एका पोरीनं 'काहीच माझं नाही' हे सांगायला कागद फाडला, तर मला ते कळलं नाही.

अमूर्त चित्र आपल्याला समजत नाही, असं आपण बायका फार सहज म्हणतो. मला आता ते पटत नाही. रोज सकाळी देवासमोर तांदळाचे पाच पुंज, जिनवाणीसमोर चार, गुरूंसमोर तीन आपणच चढवतो ना? श्वेतांबर बहिणी पाटावर स्वस्तिक, त्यावर तीन ढिगल्या आणि वर सिद्धशिलेची कोर काढतात. ज्ञान-दर्शन-चारित्र्याचं चित्र कुणी चेहरा काढून दाखवत नाही. अमूर्त बघायची सवय आपल्या हाताला आहे, फक्त मंदिराबाहेर आली की आपण ती विसरतो.

आणि ही कला दूरची तरी कुठे आहे? वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1971 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या चित्रांना ते अमूर्तसुद्धा म्हणू देत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. म्हणजे त्यांत वस्तूच नाही! ते ब्रशपेक्षा रोलर आणि सुरीनं रंग लावत. वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवत आणि पुन्हा उचलून घेत. कागद निघून जाई, त्याची खूण राही. 1984 च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास झेपेनात, तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईनं काम केलं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांची चित्रं किती कोटींना गेली ते मुद्दाम सांगत नाही. आकडा ऐकला की सगळ्यांनाच चित्र कळायला लागतं.

त्याच जे. जे. मध्ये शिकवणारे आणि पुढे तिथले अधिष्ठाता झालेले शंकर पळशीकर तर आपल्या साकोलीचे. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते आज अमूर्त चित्रकलेतलं मोठं नाव आहे. आपल्या शाळांमध्ये मात्र साकोलीच्या या माणसाचं नाव मी क्वचितच ऐकलं.

शाईचं विचाराल तर शंका रास्त आहे. पाण्यानं न सुटणाऱ्या बऱ्याच काळ्या शायांत लाख असते, म्हणजे जीवहिंसा आलीच. काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून घरी शाई करता येते. आपली बरीच जुनी हस्तलिखितं काजळीच्या शाईनं लिहिली गेली, आणि श्रुतपंचमीला आपण त्यांची पूजा करतो.

परवा मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "मग उद्या कोणीही कागद फाडेल आणि चित्र म्हणेल." खरं आहे, फाडतीलही. पण वेली नीट काढलेला बाहुबलीसुद्धा पुस्तकातून गिरवलेला असू शकतो, त्याला आपण दरवर्षी बक्षीस देतो. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, बाकी वेळ विचारात जाई. त्या मुलीनं किती विचार केला होता, हे आम्ही तिला विचारू शकलो असतो. पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं आम्ही दिली नाहीत, कारण प्रसादाच्या पाकिटांची मोजणी राहिली होती.

पुढच्या बैठकीत तो 'स्पष्ट ओळखू यावा' वाला नियम काढून टाका, असं मी सुचवणार आहे. त्याऐवजी प्रत्येक मुलीनं आपल्या चित्राविषयी दोन वाक्यं बोलावीत. काही जणी विरोध करतील, वेळ वाढतो म्हणून. वाढू दे.

ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या कप्प्यावर. बाकीच्या मुली आपापली चित्रं घेऊन गेल्या, तिनं नेलं नाही. या रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे. आईसमोरच बोलावं लागेल.