हात कोणाचा, नाव कोणाचे?

पाककृती आणि आत्मवृत्त यांची सांगड घालणारी अमेरिकन पुस्तके परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांच्या हातून आपल्यापैकी काहींच्या घरी येऊन पोहोचली आहेत. री ड्रमंड या बाईंचे 2009 साली निघालेले ‘द पायोनिअर वुमन कुक्स’ हा या जातीचा ठळक नमुना होय. ओक्लाहोमा राज्यात पॉहस्का गावानजीक रँचवर, म्हणजे गुरे पाळण्याच्या अफाट कुरणांच्या मुलखात, शहरी वळणाची एक मुलगी लग्न होऊन जाते. तेथील नवरा, मुले, गुरे आणि धूळ यांच्या हकिकती व तेथल्या चुलीवरचे पदार्थ एकाच पुस्तकात शेजारी शेजारी मांडलेले आहेत.

अशा पुस्तकांवर आपल्या मंडळींचे दोन आक्षेप असतात. पहिला असा की, ज्यात गोमांसाचे पदार्थ जागोजाग आहेत त्या ग्रंथास देवकार्य चालणाऱ्या घरात थारा कसा द्यावा? दुसरा असा की, कृती सांगावयाची तर सांगा आणि मोकळे व्हा. मध्येच या बाईच्या संसाराचे पुराण कशाला?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. जे वर्ज्य ते वर्ज्यच. त्यात आम्हांस कसलीही तडजोड सुचवावयाची नाही. परंतु शिजविणे वेगळे आणि वाचणे वेगळे. त्या चुलीवरचा बटाटा, मका, भोपळा आणि दाणे आपल्या परिचयाचेच आहेत. मिरची तर त्याच खंडातून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागली; तिला आज कोणी परकी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप मात्र मुळातच चुकीचा आहे. 1866 साली टेक्ससमधील गुरांचा धनी चार्ल्स गुडनाइट याने लष्कराने विकून टाकलेली एक भक्कम गाडी घेतली आणि तिच्या पाठीमागे खणाखणांचे एक कपाट बसविले. कपाटाचे झाकण खाली सोडले की तेच स्वयंपाक्याचे मेज. शेकडो मैल गुरे हाकीत नेणाऱ्या गड्यांचे हे फिरते स्वयंपाकघर ‘चकवॅगन’ या नावाने प्रसिद्ध आहे. वाटेत भाजीपाला मिळण्याची शाश्वती नाही, म्हणून वाळलेले दाणे, वाळविलेली सफरचंदे, खारवलेले मांस आणि कडक कॉफी. ताजे यीस्ट कोठून मिळणार, म्हणून आंबवलेल्या पिठाचे विरजण एका लहानशा पिंपात जपावयाचे. कडाक्याच्या थंडीत ते पिंप अंथरुणात कुशीला घेऊन स्वयंपाकी निजत असे. आता ‘आंबवलेले पीठ एक वाटी’ एवढीच कोरडी ओळ छापली, तर त्या पिठाला ऊब का हवी आणि ते रोज थोडे मागे का ठेवावयाचे, हे वाचणारीस कसे कळावे? कृती हे सूत्र असेल, तर आठवण हे त्यावरील भाष्य होय. भाष्यावाचून सूत्र मुके राहते, हे आपल्या परंपरेस वेगळे शिकवावयास नको.

येथवर आम्ही या पुस्तकांचे कैवारी आहोत. यापुढे मात्र आमचे भांडण सुरू होते, आणि ते आठवणींशी नसून आठवणींच्या मालकीशी आहे. गाडी करविणाऱ्या गुडनाइटचे नाव इतिहासात राहिले. तशा गाड्यांवर धूर गिळीत रांधणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे पुसली गेली. त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसे पुष्कळ होती.

छापील पुस्तकांतही तोच अन्याय घडला. मार्जरी किनन रॉलिंग्ज ही फ्लोरिडातील नामवंत कादंबरीकर्ती; 1939 साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्या संत्र्यांच्या बागेतील जीवनावर तिने 1942 साली ‘क्रॉस क्रीक’ हे आत्मवृत्त लिहिले. त्यातील खाद्यवर्णनावर लुब्ध झालेल्या वाचकांच्या पत्रांचा वर्षाव झाला आणि त्याच वर्षी ‘क्रॉस क्रीक कुकरी’ हे आठवणींनी भरलेले पाकपुस्तक निघाले. तिच्या लेखनात दाट साय देणाऱ्या डोरा गायीचेही नाव आहे. परंतु त्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या आयडेला पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने 1992 साली आपले स्वतःचे आत्मवृत्त प्रसिद्ध केले. त्यात तिने स्पष्ट नोंदविले की, पुस्तकातील पुष्कळ कृती तिच्या होत्या. श्रेय मात्र तिला तिघींचेच मिळाले, आणि हाती आली ती बाईंच्या सहीची एक प्रत. हे सांगावयास पन्नास वर्षे जावी लागली! रॉलिंग्जबाई लेखणीच्या थोर होत्या, यात संशय नाही. पण थोर लेखणीनेही दुसऱ्याच्या हातचे आपल्या नावावर चढविले, तर त्यास आम्ही दुसरा सभ्य शब्द शोधणार नाही.

याउलट उदाहरणही आहे. ज्या 1866 साली गुडनाइटची गाडी तयार झाली, त्याच वर्षी मिशिगन राज्यातील पॉ पॉ या गावी मॅलिंडा रसेल हिचे ‘अ डोमेस्टिक कुक बुक’ हे चिमुकले पुस्तक छापले गेले. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने लिहिलेले, आज ठाऊक असलेले हे सर्वांत जुने पाकपुस्तक. ही बाई टेनेसीतली, स्वतंत्र जन्मलेली, लुटारूंकडून नागवली गेलेली आणि यादवी युद्धाच्या काळात परागंदा झालेली. पुस्तकाच्या विक्रीतून घरी परतण्यापुरते पैसे जमावेत, ही तिची आशा. पुस्तकाच्या आरंभी तिने आपली ही हकिकत थोडक्यात सांगितली आहे. आणि तेथेच तिने आपली विद्या व्हर्जिनियातील फॅनी स्ट्यूअर्ड या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीकडून मिळाल्याचे नाव घेऊन लिहिले आहे. जिच्यापाशी घरी जाण्याचे भाडे नव्हते, तिच्यापाशी गुरूचे नाव घेण्याइतके औदार्य होते!

वाचकहो, आता आपल्याकडे पाहा. आपल्या देवस्थानांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. स्मरणिकांत महाजनांची, समितीची, यजमानांची छायाचित्रे असतात. पण संतर्पणाच्या दिवशी शेकडो पानांचे खतखते ज्याने शिजविले, त्या रांदप्याचे नाव किती स्मरणिकांत आढळते? तिरफळातील काळी बी काढून टाकावी, नारळाचा दाट रस शेवटी घालावा, हे आपल्याला ज्या घरच्या विधवा आत्याबाईंनी किंवा पाण्याला येणाऱ्या बाईने शिकविले, त्यांची नावे आपल्या समाजाच्या पाकपुस्तकांत कोठे आहेत? तेथे ‘संकलन’ या एका गोंडस शब्दाखाली सर्व हात झाकले जातात.

यावर कोणी म्हणेल की, अन्नदान निनावी असावे. रांधणे ही सेवा आहे, तिथे नावाचा हव्यास कशाला? हा युक्तिवाद ऐकावयास सात्त्विक वाटतो. पण मग तो देणगीदाराला का लागू नाही? निनावी राहण्याचे व्रत ज्याने त्याने स्वतः घ्यावयाचे असते; दुसऱ्यावर लादलेल्या व्रतास व्रत म्हणत नाहीत. ज्या धर्मात साधा संकल्पसुद्धा नाव आणि गोत्र उच्चारल्यावाचून पुरा होत नाही, त्या धर्माच्या माणसांनी अन्न शिजविणाऱ्याचे नाव गाळावे, यासारखी विसंगती नाही.

आणि येथे केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. नाव गेले की गाव जाते, घर जाते, शंका विचारण्याचे ठिकाण जाते. मग उरते ती ‘मसाला अंदाजाने’ अशी ओळ, आणि तो अंदाज ज्या हातात होता तो हात केव्हाच थकलेला असतो.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. यापुढे देवस्थानाच्या स्मरणिकेत किंवा समाजाच्या पाकपुस्तकात जी कृती छापली जाईल, तिच्याखाली ती कोणाच्या हातची, कोणत्या गावची आणि तिने किंवा त्याने ती कोणाकडून शिकली, हे छापावे. पुस्तकास पैसे मिळाले, तर त्यातील वाटा त्या हातास पोहोचवावा. सहीच्या प्रतीवर त्याची बोळवण करू नये. ज्या समितीस एवढे जमत नाही, तिने पाकपुस्तक काढण्याच्या फंदात पडू नये.