दुसरा दिरहम

जुन्या मालाच्या धंद्याकडे लोक नाक मुरडून पाहतात. मला या धंद्याची लाज वाटत नाही. मुंबईचा चोरबाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की तालुक्याच्या गावातला भंगाराचा गाळा, आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल यावर पेटते. मीही लिलावात बोली लावतो, शिलाई मशीन, फ्रिज, कपाटे उचलतो, दुरुस्त करतो आणि विकतो. टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावणे ही हलाल कमाई आहे.

लाज वाटते ती लिलावाच्या आधी टपरीवर जे ठरते त्याची. बाजारात त्याला ‘रिंग’ म्हणतात.

रिंगेचा हिशेब सोपा आहे. समजा, एका शिंप्याने पतसंस्थेचे कर्ज काढून मशिनी घेतल्या. हप्ते थकले, मशिनी जप्त झाल्या. कर्जाची बाकी ४० हजार. खुल्या लिलावात त्या मशिनींना ६० हजार येतील. पण पाच व्यापारी आधीच ठरवतात की एकानेच बोली लावायची, बाकीच्यांनी माना खाली घालायच्या. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ होते आणि माल ३५ हजारांत जातो. संध्याकाळी त्या पाचांचा आपसात दुसरा लिलाव होतो. तिथे त्याच मशिनी ६० हजारांना जातात. मधले २५ हजार पाच जणांत वाटले जातात, प्रत्येकी पाच हजार.

विचारले तर उत्तर ठरलेले असते: “भाई, यात कुणाचं नुकसान आहे? पतसंस्थेचंच ना?”

नाही, मित्रहो. तारण विकून कर्जापेक्षा जास्त पैसे आले तर वरची रक्कम कर्जदाराची असते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७६ हेच सांगते. खुला लिलाव झाला असता तर शिंप्याच्या हातात २० हजार परत आले असते. आता मशिनी गेल्या आणि डोक्यावर पाच हजारांचे कर्जही राहिले. त्याचे नुकसान २५ हजारांचे. पाच जणांनी वाटून घेतले तेच हे २५ हजार. पतसंस्थेचा पैसा आज ना उद्या त्याच्याकडूनच वसूल होणार. म्हणजे खिसा कापला गेला तो त्या शिंप्याचाच, आणि बऱ्याचदा तो आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

रिंगेत न बसणाऱ्याचे काय होते, हे मी दर लिलावात अनुभवतो. माझी बोली आली की घ्यायचे नसतानाही भाव चढवतात आणि परवडत नाही अशा किमतीला माल माझ्या गळ्यात मारायला बघतात. पुढच्या वेळी मी मुकाट बसावे, एवढाच हेतू. खोटी बोली लावून भाव चढवण्याला हदीसमध्ये ‘नजश’ म्हटले आहे आणि त्याला साफ मनाई आहे. खरेदीदारांनी संगनमत करून लोकांच्या मालाचा भाव पाडू नये, त्यांना अडवावे, असे इब्न तैमिया यांनी बाजाराच्या देखरेखीवरच्या ग्रंथात सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. गावात येणाऱ्या काफिल्याला वेशीबाहेर गाठून, त्याला बाजारभाव कळायच्या आत माल घेऊ नका, ही पैगंबरांची (स.) ताकीद तर आपण मदरशात शिकलो. रिंग दुसरे काय करते? देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ नुसार संगनमताची बोली बेकायदा आहे.

काही जण म्हणतील, हे लिहून तू समाजाची बदनामी करतोस. या रिंगेत जातीय सलोखा अगदी संपूर्ण असतो, हे त्यांनाही माहीत आहे. एरवी एका व्यासपीठावर न येणारे लोक इथे एकाच टपरीवर एकाच किटलीतला चहा पितात. पण दुसरेही करतात म्हणून आपला वाटा हलाल होत नाही. त्या पाच हजारांतून काढलेल्या जकातीने तो पैसा पाकही होत नाही.

भागीदारी वेगळी. दोघांकडे भांडवल कमी आहे, ते उघडपणे मिळून बोली लावतात, नफातोटा वाटून घेतात. यात गैर काही नाही. रिंगेत माल मिळून घ्यायचा नसतो, बोली मिळून मारायची असते. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

जुम्याच्या खुतब्यात नमाज-रोज्यावर बोलणाऱ्या मौलाना साहेबांना विनंती आहे की वर्षातून दोन जुमे बाजारावर बोला. पतसंस्थांना सांगणे आहे की मालाचे मूल्य आधी ठरवा, लिलावाची नोटीस मोहल्ल्यात लावा, कर्जदाराला समोर बसवा आणि मूल्याच्या जवळपासही न जाणारी बोली आली तर लिलाव रद्द करा.

आणि आपल्या व्यापारी भावांना अबू दाऊद यांच्या संग्रहातली हदीस आठवून देतो. एक अन्सारी मदत मागायला आला. घरात एक जाडे कापड आणि एक पेला, एवढेच होते. पैगंबरांनी (स.) त्या वस्तूंचा स्वतः लिलाव पुकारला. एकाने एक दिरहम म्हटले. याहून जास्त कोण देतो, असे पुन्हा पुन्हा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे घरात धान्य आले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. तो माणूस लाकडे तोडून विकू लागला आणि पंधरा दिवसांत दहा दिरहम कमावून परत आला.

आता त्या दोन गिऱ्हाइकांनी आधीच रिंग केली असती तर? माल एका दिरहममध्ये गेला असता. घरात त्या दिवसाचे धान्य आले असते, कुऱ्हाड आली नसती आणि तो माणूस पुन्हा दारोदार हात पसरत फिरला असता.

टपरीवर आपण वाटून घेतो तो हाच दुसरा दिरहम. तो कुणाची तरी कुऱ्हाड असतो.