ओलं धान्य वर ठेवा

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी, शादीखान्यात, 'बिझनेस प्रेझेंटेशन आणि कम्युनिकेशन स्किल'चं एक दिवसाचं शिबिर झालं. फी पाचशे रुपये, त्यातच बिर्याणी आणि सर्टिफिकेट. समाजातली मुलं धंद्यात पुढं यावीत, हा आयोजकांचा हेतू चांगलाच होता. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. पुढं गॅरेजवाले, बेकरीवाले, मोबाइल दुरुस्त करणारे, शिवणकाम करणाऱ्या दोन मुली आणि फळांचे व्यापारी. बाहेरगावाहून आलेल्या ट्रेनरसाहेबांनी पहिला तास डोळ्यांत डोळे घालून कसं बोलावं यावर घालवला, दुसरा हात कसा मिळवावा यावर. तिसऱ्या तासाला एकेकाला उठवून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला लावली.

माझा मामेभाऊ उठला. 'माय नेम इज' इथपर्यंत गेला आणि अडकला. घाम पुसत खाली बसला. डाळिंबाचा व्यापार करणारा हा माणूस पहाटे पाचला मार्केटात उभा असतो. शेतकऱ्याच्या गाडीतल्या क्रेटवर नजर टाकून माल किती टिकेल ते सांगतो. रुसलेल्या शेतकऱ्याला चहा पाजून परत सौद्यावर आणतो. त्याला बोलता येत नाही, हे त्या दिवशी त्याच्यासकट सगळ्या हॉलनं मान्य केलं. मला ते मान्य नाही.

तो त्या शिबिरात का आला होता, ते आधी सांगतो.

डाळिंबाची प्रतवारी आणि पॅकिंग करायला त्याला छोटी शेड घालायची आहे. त्यासाठी त्यानं मुद्रा योजनेतून दहा लाखांचं कर्ज मागितलं. ही योजना 2015 पासून आहे, आणि पाच ते दहा लाखांच्या 'तरुण' गटात तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. बँकेनं प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला. यानं एका एजंटाला दीड हजार रुपये दिले आणि संध्याकाळपर्यंत स्पायरल बाइंडिंग केलेला, रंगीत आलेखांचा, इंग्रजीतला रिपोर्ट हातात आला. वाचता येत नव्हता, पण दिसायला झकास होता. यानं सही केली.

बँकेत मी सोबत होतो. अधिकाऱ्यानं पानं उलटली, एका पानावर थांबला आणि विचारलं, "ही बारा शिलाई मशीनं डाळिंबाच्या शेडमध्ये कशाला?" एजंटानं दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट नाव बदलून दिला होता. मग दुसरा प्रश्न आला, "तेल्या आला तर हप्ता कसा भरणार?" मामेभाऊ गप्प. तेल्या रोगानं दोन वर्षांपूर्वी त्याला चांगलंच बुडवलं होतं, आणि एजंटानं बजावलं होतं की तोट्याचं नाव काढायचं नाही. खरं तर उत्तर त्याच्याकडं होतं. त्या तोट्यानंतर तो एकाच तालुक्यातून माल घेणं सोडून तीन तालुक्यांतून घेतो, आणि बाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उचल देत नाही. पण लपवायचं ठरलं होतं, म्हणून लपवलं. फाइल परत आली. निघताना अधिकारी म्हणाला, "तुमच्या लोकांचं सगळं तोंडीच असतं."

'तुमच्या लोकांचं' या शब्दांनी माझं डोकं भणकलं. गावातल्या सुताराचं, परटाचं, चहावाल्याचंही सगळं तोंडीच असतं. त्यांना कुणी 'तुमचे लोक' म्हणत नाही. सच्चर समितीनं 2006 मध्येच लिहून ठेवलंय की मुसलमानांत स्वतःचा धंदा करणारे जास्त, पण बँकेच्या कर्जातला त्यांचा वाटा कमी. काही बँका मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह' विभाग ठरवतात, अशीही नोंद त्या अहवालात आहे. त्यामुळं भेदभाव नाही, असं मला कुणी सांगू नये.

पण घरी येईपर्यंत माझा राग दुसरीकडं वळला होता. कारण ती बारा शिलाई मशीनं त्या अधिकाऱ्यानं घातली नव्हती. भेदभाव करणाऱ्याला आपण स्वतःच्या हातानं सबब दिली होती. कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्ही ते मागू शकत होतो. पण मागून काय मिळालं असतं? शिलाई मशीनंच!

मामेभावानं यातून काढलेला निष्कर्ष मात्र असा की आपल्याला बोलायला येत नाही, इंग्रजी येत नाही, म्हणून कर्ज बुडालं. म्हणून पाचशे रुपये भरून तो शिबिरात गेला. आणि शिबिरानं तोच गैरसमज पक्का करून, वर सर्टिफिकेट देऊन त्याला घरी पाठवलं. शिबिरावर माझा राग आहे तो यासाठी.

आमच्या समाजाला बोलण्याची टंचाई कधीच नव्हती. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार यांच्या पिढ्या आठवडी बाजारात मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलून जगल्या. माझ्या लहानपणी बांगड्या भरायला येणारी मणियारीण हातातली बांगडी चढेपर्यंत बाईच्या माहेरची सगळी विचारपूस करायची, आणि उठताना बाई आणखी अर्धा डझन घ्यायची. तिला डोळ्यांत डोळे घालायला कुणी शिकवलं नव्हतं. जलशात तीन-तीन तास तकरीर करणारे आपल्याकडं आहेत. नाही ते लिहिणं. जमातीच्या सभेचं इतिवृत्त नाही, वर्गणीचा हिशेब कुणाच्या तरी डोक्यात, भावाभावांची भागीदारी जबानीवर, आणि वाप मेल्यावर दुकान कोर्टात.

आणि हे कुणाचं? कुराणातली सगळ्यात लांब आयत व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, त्या उम्मतचं! सूरह बकराची 282वी आयत. मुदतीचं देणंघेणं असेल तर लिहा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडं मी स्वतः इतकी वर्षं लक्ष दिलं नव्हतं. मजकूर कर्ज घेणाऱ्यानं सांगायचा आहे. ज्याच्यावर देणं आहे त्यानं. दीड हजारवाल्या एजंटानं नव्हे.

ट्रेनरसाहेबांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, कमजोरी कधी दाखवू नका, फक्त ताकद दाखवा. समोर नमाजी मुलं बसली होती, माना डोलावत होती. मला ती हदीस आठवली. पैगंबर साहेब बाजारातून जाताना एका धान्याच्या ढिगात हात घालतात, आतलं धान्य ओलं लागतं. व्यापारी म्हणतो, पाऊस लागला. ते विचारतात, मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. ही हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो आणि सोमवारी तेल्या लपवतो. बँकवाला काय करतो? तोही ढिगात हातच घालतो. त्याचा धंदाच तो आहे. ओलं आपणहून वर ठेवलं असेल तर पुढचा प्रश्न 'मग तू काय केलंस' असा येतो, आणि तिथं माझ्या मामेभावाकडं सांगण्यासारखं खूप आहे.

राहिलं इंग्रजी. ते शिकावं, मी माझ्या मुलांना शिकवतोय. पण समोरचा माणूस मराठी वाचत असताना, आपल्याला न वाचता येणाऱ्या इंग्रजीवर सही करणं हे कुठलं स्किल? प्रत्येक पैगंबर आपल्या लोकांच्या भाषेत बोलणाराच पाठवला, असं कुराण सांगतं. अधिकारी परप्रांतातला असेल तर तोच मजकूर इंग्रजीत करून घ्यावा. मजकूर मात्र आपला हवा.

शिबिरानंतर मामेभाऊ आणि मी सहा संध्याकाळी बसलो. तो बोलला, मी लिहिलं. आंबे बहाराचा माल किती घेतला, शंभर किलोमागं किती खराब निघाला, कुणाकडं किती उधारी अडकली, शेड झाल्यावर मजूर किती लागतील. काही आकडे त्यालाही ऐकून धक्का बसला. उधारी त्याला वाटत होती त्याच्या दुप्पट निघाली. तेल्यानं झालेला तोटा पहिल्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात आहे. मराठीत दोन पानं झाली, सोबत बिलं आणि बँकेचा उतारा. आलेख एकही नाही.

परवा फाइल पुन्हा दिली. यावेळी शिक्क्याची पोच घेतली, तारखेसकट. बँकेच्या पायऱ्या चढताना त्यानं पिशवीतून तो चकचकीत कागद काढून विचारलं होतं, "भाई, ये सर्टिफिकेट भी जोडूं क्या?"

मी म्हटलं, घरी ठेव.